खोक्यात मावणारा निसणा

धारेचा दगड आणायला बाजारात जाण्याआधी घरातली सगळी पाती एकदा जमिनीवर मांडून बघावीत. बालाघाटच्या आमच्या घरी मी हे केलं तेव्हा सात निघाली. एक पावशी, म्हणजे पुण्या-मुंबईकडची विळी. धानकापणीचे दोन विळे, त्यातला एक दातेरी. स्टेनलेस स्टीलच्या तीन सुऱ्या, त्यातल्या एकीचं टोक मोडलेलं. आणि परसातल्या बांबूसाठी आठवडी बाजारातल्या लोहाराकडून घेतलेला कोयता. यातल्या एकाही पात्याने त्या दिवशी टोमॅटोची साल धड कापली नसती. गंमत अशी की धार लावायची साधनंही घरात चार होती. वडिलांच्या वेळचा दुरंगी दगड, मधोमध होडीसारखा खोल झालेला. सुरी खाचेतून ओढायचं एक प्लास्टिकचं यंत्र. सुऱ्यांच्या संचाबरोबर आलेली लोखंडी कांडी. शिवाय मी हौसेने मागवलेला, 3000 आणि 8000 असे आकडे छापलेला एक महागडा दगड. साधनांची टंचाई नव्हतीच. कोणतं साधन कशासाठी, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या महागड्या दगडाची हकिगत आधी सांगून टाकतो. आकडा जितका मोठा तितकी धार तिखट, अशी माझी समजूत होती. एका रविवारी दुपारभर मी एक पार बोथट सुरी त्यावर घासली. संध्याकाळी पात्यात चेहरा दिसायला लागला, पण कांदा चिरायला घेतला तर सुरी सालीवरून घसरली. बोथट धार मी फक्त चकचकीत केली होती. मोठी आई बघत होती. म्हणाली, "आरसा बनवला का रे बापू? आता याच्यात भांग पाड."

धार म्हणजे पात्याच्या दोन उतारांची भेट. ते जिथे भेटतात ती रेघ जितकी बारीक, तितकं पातं तिखट. वापरून ती रेघ गोल होते, कुठे दुमडते, कुठे तिचे कण उडतात. धार लावायची म्हणजे दोन्ही उतार पुन्हा भेटेपर्यंत लोखंड झिजवायचं. एक बाजू पुरेशी झिजली की पलीकडच्या बाजूला, धारेच्या अगदी कडेला, लोखंडाचा पातळ पापुद्रा उलटून येतो. अंगठा पात्याच्या कण्याकडून कडेकडे हलकेच सरकवला (कडेच्या लांबीने कधीही नाही) तर तो खरखरीत लागतो. हा पापुद्रा टोकापासून मुठीपर्यंत सलग लागला, तर ती बाजू झाली असं समजायचं. मग दुसरी बाजू, आणि शेवटी पापुद्रा काढून टाकायचा. एवढंच शास्त्र आहे. बारीक दगडाचं काम पापुद्रा आल्यानंतर सुरू होतं, आणि माझ्या रविवारात तो आलाच नव्हता.

आता दगडाकडे वळू. धारेच्या दगडात दोन गोष्टी असतात: लोखंड खरवडणारे कठीण कण, आणि ते धरून ठेवणारं काहीतरी. कण कठीण असूनही दगड निरुपयोगी असू शकतो, आणि याचं फार सुंदर उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या जमिनीतच आहे. बालाघाट शहराला लागून भरवेलीची मँगनीज खाण आहे. तिथून उकवा, तिरोडी, पुढे भंडारा-नागपूरपर्यंत मँगनीजचा पट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यात एक तपकिरी-नारिंगी, जड खडक सापडतो. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी 1909 साली या भागातल्या गोंडांवरून त्याला 'गोंडाइट' असं नाव दिलं आणि ते जगभरच्या भूविज्ञानात रूढ झालं. गोंडाइटमध्ये मुख्यतः दोन खनिजं: गारगोटीचं क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिन. स्पेसार्टिन म्हणजे मँगनीजवाला गार्नेट, आपल्याकडच्या गोमेदाच्या नात्यातला.

इकडून हजारो मैलांवर, बेल्जियमच्या आर्देन डोंगरात, पिवळसर रंगाचा एक दगड निघतो. त्याचं नाव कोटिक्युल. वस्तऱ्याची धार लावायला युरोपातले न्हावी पिढ्यान् पिढ्या तो वापरत आले आणि आजही तो चढ्या भावाने विकला जातो. त्यात लोखंड कापणारं खनिज कोणतं? तेच, स्पेसार्टिन. तोही मुळात समुद्रतळाशी साचलेला मँगनीजयुक्त गाळ, आपल्या गोंडाइटसारखाच. मग भरवेलीच्या गोंडाइटवर वस्तरा का लावत नाहीत? कारण कोटिक्युलमधले गार्नेटचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, जवळजवळ एकसारखे, आणि अभ्रकाच्या मऊ पिठात रुतलेले असतात. पाणी टाकून घासलं की पीठ सुटतं, नवे कण वर येतात. गोंडाइटमधले कण लहानमोठे आणि क्वार्ट्झमध्ये घट्ट जखडलेले. त्यावर पातं घासलं तर कुठे ओरखडा उठेल, कुठे नुसतं घसरेल. माल एकच, दळण वेगळं. दुकानात दगड निवडताना आपण खरं तर हेच विचारत असतो की कण केवढे, ते एकसारखे आहेत का, आणि दगड ते सोडतो की धरून बसतो.

आपल्याकडे कठीण कणांची जुनी ओळख 'कुरुंद' या नावाने आहे. हिऱ्याखालोखाल कठीण असं हे खनिज. माणिक आणि नीलम हे त्याचेच रंगीत, पारदर्शक भाऊ. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या परिसरात कुरुंद सापडतो. शिकलगार तलवारीला पाणीदार करायचे ते कुरुंदाच्या भुकटीने. लाखेत भुकटी कालवून सहाणेचं चाक ओतायची रीत देशभर होती. 'कोरंडम' हा इंग्रजी शब्द या आपल्याच शब्दावरून गेला. पुढे 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन याने विजेच्या भट्टीत कोळसा आणि माती तापवली आणि त्याला निळसर चमकणारे स्फटिक मिळाले. हे कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण असावं अशा समजुतीने त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात त्यात कोरंडमचा कणही नव्हता. ते होतं सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग, कुरुंदाहूनही कठीण. चुकीच्या समजुतीने ठेवलेलं ते नाव आज बालाघाटच्या हार्डवेअर दुकानातही चालतं. "कारबोरंडम द्या" म्हटलं की दुकानदार एक बाजू खरखरीत आणि एक बाजू बारीक असा करडा-काळा दगड पुढे ठेवतो. सुतार त्याला सिल्ली म्हणतात. जुन्या मराठीत निसणा हा शब्द होता; तो पुन्हा वापरात आला तर मला आवडेल.

दगडावरच्या आकड्यांनी माझ्यासारखे पुष्कळ फसतात, म्हणून थोडं थांबतो. हा आकडा चाळणीवरून आला. एका इंचात जितकी भोकं, तितका आकडा. म्हणून आकडा वाढला की कण बारीक. पण सगळ्यांची चाळणी एक नाही. जपानी मापाने 1000 नंबरच्या दगडातला कण साधारण 12 मायक्रॉनचा असतो, तर पॉलिश पेपरच्या मागे छापलेल्या पी-1000 मधला सुमारे 18 मायक्रॉनचा. एक आकडा आणि दीडपट फरक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास धरला तर अंदाज येईल. हार्डवेअरच्या सिल्लीवर आकडा बहुधा नसतोच. तिच्या खरखरीत बाजूला 120 आणि बारीक बाजूला 240 च्या जवळचं समजून चालावं. 240 च्या बाजूने सुरी टोमॅटोपुरती तयार होते, पण कोथिंबीर चिरताना पानं काळी पडतात, कारण कड अजून करवतीसारखी ओबडधोबड असते.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. एकच दगड घ्यायचा असेल तर दोन बाजूंचा, 400 आणि 1000 आकड्यांचा पाण्याचा दगड घ्यावा. लोक 1000 आणि 6000 ची जोडी सुचवतात, आणि ती ऐकायला भारदस्तही वाटते. पण ज्या घरात सुरी सहा-सहा महिने दगडाला लागत नाही, तिथे पहिलं काम झिजवायचं असतं, गुळगुळीत करायचं नसतं. 1000 वर झिजवत बसलात तर हात दुखून दगड माळ्यावर जातो. 6000 ची बाजू वस्तऱ्याला आणि रंध्याच्या पात्याला. भाजीच्या सुरीला थोडी चावरी धार हवी; टोमॅटोची साल, मिरची, दोडका तिलाच दाद देतात. असा दगड हजार रुपयांच्या आत मिळतो. जे सहा-आठ दगडांचे संच, कोन धरून ठेवणारे सांडशीसारखे सांगाडे आणि गोल कांड्या एका पेटीत येतात, त्यांची किंमत बहुतेक वेळा पेटीचीच असते. कोन धरायचा सांगाडा नवशिक्याला आधार देतो हे खरं. पण पावशीला तो लागत नाही, कोयत्याला पुरत नाही, आणि स्वस्त नकलांचे स्क्रू महिन्याभरात ढिले पडतात.

जागा फारच कमी असेल, किंवा नोकरीनिमित्त भाड्याच्या खोल्या बदलत राहावं लागत असेल, तर हिऱ्याची पट्टी बघा. पोलादी पट्टीवर निकेलच्या मुलाम्यात औद्योगिक हिऱ्याची पूड बसवलेली असते. पट्टी जेमतेम काही मिलिमीटर जाडीची, भिजवावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे कधी खोलगट होत नाही. नवी असताना ती फार खरखरते, पहिल्या काही वापरांत शांत होते. जोर लावला तर कण उपटून निघतात. लोखंडाच्या वस्तूला जोर लावायची सवय असलेल्या आपल्या हातांना हे शिकायला थोडा वेळ लागतो.

आणि खिशात पन्नासच रुपये असतील तर? एक काचेचा तुकडा आणि रंगाच्या दुकानातला 400 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर. काच ओली करून कागद चिकटवायचा आणि पातं नेहमी मागे ओढायचं, कडेने कागदात घुसवायचं नाही, नाहीतर कागद फाटतो. यावर लागलेली धार महागड्या दगडाला लाजवते, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. कागद झिजत राहतो, एवढंच. वर्षभराचे कागद मोजले तर दगडच स्वस्त पडतो.

खाचेतून ओढायच्या यंत्राबद्दल एकच वाक्य: ते धार लावत नाही, पातं खरवडून काढतं. कांडी मात्र टाकू नका. ती लोखंड झिजवत नाही, दुमडलेली कड सरळ करते, म्हणून रोजच्या दोन हातांना ती बरी.

आता लोखंडाबद्दल, कारण दगड त्याच्यावर ठरतो. आठवडी बाजारातला लोहार कोयता बनवतो तो पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून. पाट्याचं पोलाद स्प्रिंगसाठी केलेलं असतं, म्हणून ते कठीण होतं आणि लवतंही. त्यात साधारण अर्धा टक्का कार्बन आणि पाऊण ते एक टक्का मँगनीज असतं. हे मँगनीज शोभेला नाही. 1856 साली बेसेमरने पोलाद स्वस्त केलं, पण त्याचं पोलाद तापवून ठोकलं की तडकायचं. रॉबर्ट मुशेट याने त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळलं तेव्हा तडकणं थांबलं, कारण मँगनीज गंधकाला बांधून ठेवतं. तेव्हापासून पोलादाच्या कारखान्यांना मँगनीज लागत आलं, आणि शतक उलटायच्या सुमारास बालाघाट-नागपूर पट्ट्यातल्या खाणी सुरू झाल्या त्या या मागणीमुळे. लोहाराने ऐरणीवर लालभडक पाटा ठोकला आणि तो फुटला नाही, यात असल्या खाणींचा वाटा असतो. त्याच्याही आधी याच डोंगरांत अगरिया लोक मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी 1942 साली त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर हे त्यांचे देव, म्हणजे लोखंड, कोळसा आणि आग. धातूच्या कामाचं यापेक्षा नेमकं सार मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

लोहार शेवटी पात्याला पाणी देतो: तापवून बुडवतो, मग पुन्हा थोडं तापवून कडकपणा उतरवतो. ही दुसरी ऊब दोन-अडीचशे अंशांच्या आसपासची असते. सायकलवरचा धारवाला कोरड्या चाकावर पातं दाबतो आणि ठिणग्यांचा फवारा उडतो, तेव्हा कडेची उष्णता सहज त्यापुढे जाते. पात्याची कड निळी दिसली तर ती तीनशे अंशांच्या घरात पोचली होती असं समजा. म्हणजे पाणी उतरलं. अशी धार घरी येईपर्यंत झक्क असते आणि चार दिवसांत भोंगळ होते. दोष त्या माणसाचा नाही. दहा-वीस रुपयांत आणि पाच मिनिटांत त्याने अजून काय करावं? घाई नसलेल्या पात्यांसाठी ओला दगड आहे, एवढंच म्हणणं.

पाणी की तेल हा वाद बाजारात ऐकू येतो. सिल्लीला दोन्ही चालतं, पण एकदा तेल पडलं की पुन्हा पाणी नको. आमच्या भागात एक चूक हमखास होते: घरात हाताशी असतं म्हणून जवसाचं तेल वापरलं जातं. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून तर ते रंगात घालतात. दगडाच्या छिद्रांत ते सुकलं की दगड काचेसारखा होतो आणि कापणं सोडतो. वडिलांच्या सिल्लीचं हेच झालं होतं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून, मग घराच्या सिमेंटच्या पायरीवर वाळू आणि पाणी टाकून मी ती घासली. तासाभरात खोलगट भाग गेला आणि खालून नवा दगड निघाला. तीच आता आमच्या कोयत्याची सहाण आहे.

कोनाची भीती फार घातली जाते. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूने 15 ते 20 अंश. मोजायला वर्तमानपत्राचा चौकोनी कोपरा घ्या. एकदा दुमडला की 45, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्याहून किंचित खाली धरायचं. नाहीतर पात्याची रुंदी बघा. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून एक ते सव्वा सेंटिमीटर उचलायची, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढी. कोयत्याला यापेक्षा उभा कोन हवा, 25 च्या पुढे, कारण बांबूच्या पेरावर बारीक कड तुकडे होऊन पडते. दोन-तीन अंशांची चूक धारेला मारत नाही. प्रत्येक हाताला कोन बदलत राहिला तर मात्र कड गोल होत जाते. कडेवर स्केचपेनची रेघ ओढा आणि दोन हात फिरवा. शाई कुठली गेली यावरून दगड नेमका कुठे लागतोय ते कळतं.

पावशीचं गणित उलटं आहे. पातं पाटाला बसवलेलं, म्हणून दगड हातात घेऊन पात्याकडे जावं लागतं. इथे मोठा आठ इंची दगड अवघड जातो. तीन-चार इंचांचा तुकडा बरा. फुटलेल्या सिल्लीचा अर्धा भाग फेकू नका, तो पावशीचा निसणा. पात्याला आतून बाक असतो, तेव्हा दगडाची कड गोल केलेली असावी. दातेरी विळ्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्याचे दाते छिन्नीने पाडलेले असतात आणि सहाणेवर घासलं तर ते सपाट होतात. चिन्नोरच्या कापणीआधी तो लोहाराकडेच न्यावा. बालाघाटच्या या तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि भाव चढला, पण कापणीच्या आदल्या आठवड्यात लोहारापुढची विळ्यांची रांग तशीच असते.

शेवटी पापुद्रा. 1000 च्या बाजूवर जोर कमी कमी करत एकेक हात दोन्हीकडून फिरवला की तो सैल होतो. मग जुन्या चामडी पट्ट्याची आतली बाजू फळीवर खिळून त्यावर पातं दहा-बारा वेळा मागे ओढायचं. पट्टा नसेल तर जीन्सच्या पायाचा तुकडा चालतो. पाहुण्यांकडे असाल आणि काहीच नसेल तर चहाचा कप उलटा करा. बुडाची जी कड चकाकत नाही, ती बारीक दगडासारखं काम करते.

चपलेच्या एका खोक्यात आमचं सगळं बसतं: दुरंगी पाण्याचा दगड, सिल्लीचा तुकडा, पट्ट्याची फळी, पॉलिश पेपरचा एक ताव आणि पाती पुसायचं तेलकट फडकं, कारण पावसाळ्यात पाट्याचं लोखंड एका रात्रीत तांबतं. 3000-8000 चा दगड मी एका सुतार मित्राला दिला. तो रंध्याची पाती त्यावर लावतो आणि खूश आहे. परवा मोठ्या आईने बाजारातून वास्ते आणले. बांबूचे हे कोंब पातळ काप करून चिरायचे असतात, आणि बोथट पावशीवर त्यांचे तंतू ओढले जातात. तिने पहिला काप उजेडाकडे धरून बघितला, काही बोलली नाही, आणि बाकीचे चिरायला बसली.